पायांचा इतिहास कोण लिहितं?

"पीएचडी कशात करायलीस?" असं गावाकडं कुणी विचारलं की मी आधी "इतिहासात" एवढंच म्हणते. तेवढ्यावर भागलं तर बरं. पण पुढचा प्रश्न येतोच, "कुठल्या राजाचा?" मग सांगावं लागतं की राजाचा नाही, पायांचा. लावणी नाचणाऱ्या बायकांच्या पायांचा. यावर समोरचा एक तर हसतो, नाही तर पावसापाण्याचं विचारतो. तुम्ही मात्र इथवर वाचलंयत, तर आज जरा सविस्तर सांगते.

आधी एक छोटं काम करा. खुर्चीत बसला असाल तर दोन्ही पाय जमिनीला टेकवा. तोंडाने केरवा म्हणा, आठ मात्रांचा: धा गे ना ति, न क धि न. पहिल्या मात्रेला उजवा पाय सपाट आपटा, पाचवीला फक्त टाच. चार-पाच आवर्तनं झाली की जमतं. आता पाचवीची टाच गाळा, पण मोजणं सोडू नका. तुमच्या लक्षात येईल की आवाज आला नाही तरी ती मात्रा तुम्हाला ऐकू आली. माझं संशोधन जवळपास हेच आहे. आवाज झाला होता, ऐकणारेही होते, पण कागदावर तिथं नुसती रिकामी जागा आहे.

टॅप मध्येच कुठून आलं?

खरं सांगायचं तर मी लावणीकडं सरळ वाटेनं आले नाही. एम.ए.ला असताना मोबाइलवर एक जुनी चित्रफीत दिसली. १९४३ सालच्या 'स्टॉर्मी वेदर' या सिनेमात निकोलस बंधू, म्हणजे फेयार्ड आणि हॅरोल्ड, जिन्यावरून एकमेकांच्या डोक्यावरून उड्या मारत, पाय फाकवून पायरीवर पडत आणि हात न टेकता उठत खाली येतात. बुटांच्या तळाला धातूच्या पट्ट्या, आणि प्रत्येक पाऊल म्हणजे एक ठोका. मी ती चित्रफीत त्या रात्री किती वेळा पाहिली ते सांगत नाही. पुढचे सहा महिने जे हाताला लागेल ते टॅपवरचं वाचत सुटले. मैत्रिणी म्हणायच्या, अभ्यासाचं बघ. मला वाटायचं, हाच तर अभ्यास आहे.

या नादातून मला संशोधनाच्या पद्धतीबद्दल तीन गोष्टी कळल्या. त्या तुम्हालाही सांगते, कारण पुढं माळेगावला गेल्यावर त्या लागणार आहेत.

पहिली. टॅपच्या जन्माची एक फार सुबक गोष्ट सांगितली जाते. १७३९ साली अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनात स्टोनो नदीजवळ गुलामांनी उठाव केला, ढोल वाजवत ते निघाले. पुढच्याच वर्षी तिथं कायदा झाला आणि गुलामांच्या हातातले ढोल गेले. मग म्हणे ढोल पायात आला. ऐकायला छानच आहे. कायदा खराच होता, पण पायांनी आणि टाळ्यांनी ताल धरणं आफ्रिकेतून आलेल्या लोकांना आधीपासून येत होतंच. नंतर त्यात आयरिश लोकांचे लाकडी तळव्यांचे नाच मिसळले, न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांत दोघं शेजारी राहत होते. एका कायद्यातून एक कला जन्मत नाही. सुबक गोष्ट दिसली की इतिहासाच्या विद्यार्थ्यानं जरा थांबावं, हा पहिला धडा.

दुसरी गोष्ट नावाची. १८४२ साली चार्ल्स डिकन्स न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्स वस्तीत एका तळघरात नाच बघायला गेला. तिथल्या एका तरुण काळ्या नर्तकाच्या पायांचं त्यानं आपल्या अमेरिकेच्या प्रवासवर्णनात भरभरून कौतुक केलं. पण नाव लिहिलं नाही. काही वर्षांनी 'मास्टर जुबा', म्हणजे विल्यम हेन्री लेन, लंडनला गेला तेव्हा जाहिरातीत सांगावं लागलं की डिकन्सनं वर्णन केलेला तो हाच. बघा हं, जगातला एवढा मोठा लेखक समोर बसलेला, पायांचं वर्णन करतोय, आणि पाय कुणाचे ते लिहीत नाही.

तिसरी गोष्ट मार्शल स्टर्न्स यांची. हा माणूस इंग्रजीचा प्राध्यापक, मध्ययुगीन काव्य हा त्यांचा अभ्यासाचा विषय. पण वेड जॅझचं. ते आणि त्यांच्या पत्नी जीन यांनी म्हाताऱ्या होत चाललेल्या नर्तकांकडं जाऊन मुलाखती घेतल्या. ही स्टेप कुणाकडून शिकलात, ती कुणी बदलली, कुठल्या थिएटरात, असे प्रश्न विचारले. तेव्हा टॅपला कुणी विचारत नव्हतं, बरेच नर्तक दुसरीकडं नोकऱ्या करत होते. त्यांचं 'जॅझ डान्स' हे पुस्तक १९६८ साली आलं, तोवर मार्शल वारले होते. टॅपवर लिहिणारा कुणीही आज त्या पुस्तकाशिवाय पुढं जात नाही. हौसेनं केलेलं काम वेळेत झालं, म्हणून ती माणसं त्यांच्या नावांसकट उरली.

हे वाचताना एका रात्री डोक्यात आलं, अगं, आपल्याकडं पायांचं वाद्य करणाऱ्या बायका आहेत की. त्यांच्याकडं कोण गेलं?

माळेगावचा रस्ता

नांदेडहून लातूरला जाताना लोहा सोडलं की माळेगाव लागतं. एरवी गाडी तिथं फारशी थांबत नाही. पण मार्गशीर्ष अमावास्येच्या सुमाराला खंडोबाची यात्रा भरते तेव्हा रस्ता दिसत नाही. घोडे, गाढवं, उंट, लाल कंधारी आणि देवणी जनावरं, भंडाऱ्यानं पिवळी झालेली माणसं, घोळ वाजवणाऱ्या मुरळ्या, आणि तंबूतले तमाशाचे फड. आता नांदेड जिल्हा परिषद तिथं लावणी महोत्सवही भरवते. आमच्या भागातल्या कितीतरी जणांनी आयुष्यातला पहिला तमाशा माळेगावलाच बघितला. घरी सांगून की न सांगता, ते तुमचं तुम्हाला माहीत.

मी तिथं वही, मोबाइल आणि एक स्वस्तातला माइक घेऊन गेले. मंचाच्या बाजूला, पायांच्या उंचीवर माइक लावायची परवानगी मागितली. एक वयस्कर मावशी, आता स्वतः नाचत नाहीत पण पोरींना शिकवतात, माझ्याकडं बघून म्हणाल्या, "लोक तोंडाकडं बघायलेत अन् तुम्ही पायाकडं बघायलाव. काय हरवलंय काय?"

मी म्हटलं, "हो मावशी, हरवलंयच."

त्या हसल्या आणि त्यांनी चाळ पुढं ठेवले. आपण घुंगरू म्हणतो, फडावर त्याला चाळ म्हणतात. 'चाळ बांधणं' म्हणजे या धंद्यात येणं. दोरीत ओवलेले पितळी घुंगरू पायाला घोट्यापासून वर गुंडाळत नेतात. हातात घेतलं की वजन कळतं. ते बांधून रात्रभर नाचायचं म्हणजे काय, हे मला मी स्वतः बांधून दहा मिनिटं उभी राहिल्यावर कळलं. घोट्याची कातडी लाल झाली होती.

आता जरा तांत्रिक भाग. कंटाळू नका, मजेचा आहे. ध्वनिमुद्रण संगणकावर उघडलं की आवाजाचा आलेख दिसतो. ढोलकीची थाप म्हणजे एक टोकदार काटा. टॅपच्या बुटाचाही तसाच काटा दिसतो, धातू जमिनीला लागला की टक्, संपलं. म्हणून टॅप नाचणारा एका सेकंदात पुष्कळ ठोके मारतो आणि ते सुटे सुटे ऐकू येतात. घुंगरांचं तसं नाही. एका पायाला इतके घुंगरू, ते सगळे एकाच क्षणी कसे वाजणार? आलेखात काट्याऐवजी झिपरा पट्टा दिसतो. पाय थांबला तरी आवाज थोडा रेंगाळतो. म्हणजे लावणीवालीपुढं उलटी अडचण असते. वाजवणं सोपं, थांबवणं अवघड. ढोलकी सवाल टाकते, त्याला पायानं जवाब द्यायचा, आणि समेवर गप्प व्हायचं. तो गप्पपणा टाच दाबून, तळवा जमिनीला चिकटवून कमवावा लागतो. मावशींच्या शब्दांत, "नाचती कुणी बी. उभं राहणं शिकायला साल लागतं."

हे एक वाक्य मला वाचलेल्या शंभर पानांपेक्षा जास्त शिकवून गेलं.

पुस्तकात काय आहे, काय नाही

लावणीवर मराठीत लिहिलं गेलं नाही असं मुळीच नाही. म. वा. धोंडांचं 'मऱ्हाटी लावणी' आहे. राम जोशी, अनंत फंदी, होनाजी बाळा, सगनभाऊ, प्रभाकर, परशराम ही नावं शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतात. पण नीट बघा, ही सगळी नावं शब्द लिहिणाऱ्यांची आहेत, आणि सगळी पुरुषांची. शब्द कागदावर उतरतो, म्हणून त्याला इतिहास मिळतो. पाऊल कागदावर उतरत नाही.

पट्ठे बापूराव (१८६६ ते १९४५) घ्या. कुलकर्ण्याच्या घरातला मुलगा तमाशात गेला, त्याच्या कवनांवर लिहिलं गेलं. त्याच्या फडातली पवळा मात्र त्याच्या गोष्टीतलं एक पात्र म्हणूनच येते. तिच्यासाठी लोक गर्दी करत. ती नाचायची कशी, हे विचारलं तर उत्तर 'फार सुंदर' इथंच संपतं.

विठाबाई नारायणगावकरांचं बघा. नऊ महिन्यांच्या गरोदर असताना फडात नाचल्या, पडद्यामागं बाळंत झाल्या आणि पुन्हा मंचावर आल्या, ही गोष्ट महाराष्ट्रात कुणाला माहीत नाही? १९५७ आणि १९९० साली त्यांना राष्ट्रपतींच्या हातून पुरस्कार मिळाले. २००२ साली त्या गेल्या. त्यांच्या नावानं आज राज्य सरकार जीवनगौरव देतं. पण त्या गोष्टीत आपल्याला त्यांचे हाल आठवतात, त्यांचं पायकाम आठवत नाही. हाल सांगणं सोपं असतं. कौशल्य सांगायला कान लागतो.

इथं टॅप आणि लावणीतला एक फरक नोंदवायला हवा. टॅपच्या इतिहासात गाजलेले पाय बहुतेक पुरुषांचे आहेत. बिल रॉबिन्सन या नर्तकाचा जन्म २५ मे १८७८ चा, १९८९ साली अमेरिकेनं तो दिवसच टॅपचा दिवस ठरवला. आपल्याकडं शब्द पुरुषांचे आणि पाय बायकांचे. त्यामुळं आपल्याकडचं विसरणं दुहेरी आहे, एकदा पाय म्हणून आणि एकदा बाई म्हणून. आणि त्या बाया कोल्हाटी, डोंबारी, महार, मांग अशा समाजांतल्या, म्हणजे खरं तर तिहेरी.

बंदी कुणाची, कुणावर?

आता एक गोष्ट आमच्या भागाची, जी पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत हमखास सुटते.

स्वातंत्र्यानंतर लगेच, बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असताना, मुंबई राज्यानं अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आणली. मग सुधारणेसाठी समिती, अटी, संहिता आधी तपासून घेणं, असं करत ती उठली. मराठी तमाशाचा इतिहास सांगताना हे प्रकरण मोठं मानलं जातं, आणि ते आहेच.

पण नांदेड तेव्हा कुठं होतं? निजामाच्या हैदराबाद संस्थानात. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातलं गाव, तेही तिकडंच. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई होऊन संस्थान भारतात आलं, आणि मराठवाडा मुंबई राज्यात आला तो १ नोव्हेंबर १९५६ ला. लातूर जिल्हा झाला तो तर १९८२ साली. म्हणजे मुंबईचा हुकूम आमच्याकडं चालत नव्हता. 'महाराष्ट्रात तमाशावर बंदी आली' असं सरसकट लिहिलं की माळेगावच्या फडाचा इतिहास सोलापूर-पुण्याच्या इतिहासात विरघळून जातो.

याचा संशोधनावर थेट परिणाम होतो. मुंबईच्या दप्तरात १९५६ पूर्वीचा नांदेड शोधायचा नसतो. तो हैदराबादच्या कागदांत शोधायचा, आणि तिथला कारभार उर्दूत होता. म्हणून सध्या मी सकाळी अलिफ-बे शिकते आणि संध्याकाळी घुंगरांचे आलेख मोजते. आई म्हणते, नोकरी लागेल का यातून? आई, बघू.

नाव लिहू नको

इथवर वाचून तुम्हाला वाटलं असेल की काम ठरलेलं आहे. स्टर्न्स पती-पत्नीसारखं जायचं, विचारायचं, नावं लिहायची. मलाही तसंच वाटत होतं. डिकन्सनं जे केलं नाही ते मी करणार, प्रत्येक पायाला नाव देणार, अशा थाटात मी वहीत रकाने आखले होते: नाव, गाव, गुरू, पाऊल.

दुसऱ्या दिवशी मावशींनी पाऊल दाखवलं. त्यांना ते त्यांच्या आत्यानं शिकवलेलं, आत्याला तिच्या मावशीनं. तीन पिढ्या मागं गेलो आम्ही, बसल्या बसल्या. मी आनंदानं लिहीत होते. शेवटी म्हटलं, "मावशी, पूर्ण नाव सांगा."

त्यांनी वही मिटली. "नाव नको लिहू, ताई. नात शहरात शिकायलीय. तिच्या कॉलेजात कुणाला म्हाईत नाही."

मी काहीच बोलले नाही. काय बोलणार?

घरी येऊन किशोर शांताबाई काळे यांचं 'कोल्हाट्याचं पोर' पुन्हा काढलं. १९९४ साली आलेलं हे आत्मकथन. आई तमाशात नाचणारी, पोरगा हालअपेष्टा काढून डॉक्टर झाला आणि त्यानं वडिलांच्या जागी आईचं नाव लावलं. चाळ बांधल्यावर लग्न नाही, घरातले पुरुष तिच्या कमाईवर बसलेले, हे त्यात आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला शेवटचं धाडस दिसलं होतं. या वेळी दिसलं की त्या नावाची किंमत काय होती.

म्हणजे नाव नसण्याचे दोन प्रकार झाले. एक डिकन्सचा, बघणाऱ्यानं विचारलंच नाही. दुसरा मावशींचा, विचारलं तर त्यांनी दिलं नाही, कारण ते नाव घेऊन समाज काय करतो हे त्यांना माहीत आहे. टॅपवाल्यांचंही असंच झालं होतं थोडंफार. गोरे नट तोंडाला काळं फासून त्यांचेच नाच विकायचे. रॉबिन्सन १९३५ च्या सिनेमात जिन्यावर नाचला तो नोकराच्या भूमिकेत. टाळ्या पायांना मिळतात, माणसाला दारातच थांबवतात.

मी मार्गदर्शकांकडं गेले. सर म्हणाले, प्रबंधाला पुरावा लागतो, पण पुरावा म्हणजे नावच असं कुणी सांगितलं? त्यावरून आता एक पद्धत बसवली आहे. प्रत्येक पावलाची वंशावळ करायची: कुणाकडून आलं (आत्या, मावशी, गुरू), साधारण कुठल्या दशकात, संगीत बारीत की ढोलकी-फडात, आणि प्रत्येक पिढीनं त्यात काय बदललं. नाव द्यायचं की नाही ते त्या बाईनं ठरवायचं. ज्यांना द्यायचंय त्यांचं ठळक, पूर्ण, आईच्या नावासकट. ज्यांना नको त्यांच्या जागी खूण, पण पाऊल त्यांचंच म्हणून नोंदलेलं. आणि ध्वनिमुद्रणाची एक प्रत त्यांच्या घरी, पेनड्राइव्हवर.

ही वाट मी पहिल्यांदा काढलेली नाही. भूषण कोरगांवकरांनी 'संगीत बारी' लिहिताना आणि सावित्री मेधातुल यांनी माहितीपट करताना वर्षानुवर्षं या कलावंतीणींकडं जाऊन, बसून, ऐकून घेतलं. दोघंही लावणीच्या घरातले नव्हेत, नाद लागला म्हणून गेले. माझा भाग एवढाच की मी नांदेड-लातूरच्या पट्ट्यात आहे आणि पायांपाशी बसले आहे.

परवा मावशींना त्यांच्याच शिष्येच्या पायांचा आलेख दाखवला. झिपरा पट्टा, मग समेवर एकदम सपाट रेघ. त्यांनी त्या सपाट रेघेवर बोट ठेवलं. "हे आत्याचं," म्हणाल्या.

आता तुमच्याकडं एक मागणं आहे. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस असेल ज्यानं माळेगावला, नाही तर गावच्या जत्रेत तमाशा बघितला असेल, तर विचारा. कुठलं साल, कुणाचा फड, ढोलकीवर कोण, चाळ किती वर बांधलेले. कधी कधी आजोबा आधी लाजतात, मग दोन तास बोलतात, अनुभवानं सांगते. आणि एखादी आजी स्वतःच नाचणारी निघाली, तर आधी तिला विचारा की तिला काय लिहिलेलं आवडेल. मग लिहून ठेवा. मला पाठवलंत तर चांगलंच, नाही पाठवलंत तरी लिहिलेलं राहू द्या.

पुढच्या वेळी हैदराबादच्या कागदांत काय सापडलं ते सांगते. तोवर केरवा चालू ठेवा, पाचवी मात्रा गाळून.